गाडीला नाव देणारा कारागीर : लुई शेव्हर्ले

म्हसवड (प्रतिनिधी) : मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडच्या श्री सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, तेव्हा पोटापाण्यासाठी बाहेर गेलेला माणदेशी माणूस आवर्जून गावाकडे परततो. कुणी मुंबई-पुण्याहून येतो, तर कुणी सोन्या-चांदीच्या गलाईचे काम करीत थेट उत्तरेकडच्या वा दक्षिणेकडच्या एखाद्या शहरातून येतो. २००४ नंतरच्या काही वर्षांत अशा यात्रेकरूंना घेऊन येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांमध्ये टवेरा हमखास दिसू लागली. लग्नाचे वऱ्हाड असो की अष्टविनायकाची सहल, टवेरा ठरलेली असे. तिच्या तोंडावर आडव्या ताणलेल्या अधिक चिन्हासारखी एक सोनेरी खूण होती आणि त्या खुणेमागचे नाव होते शेव्हर्ले.

शेव्हर्ले हे गावाचे किंवा वस्तूचे नाव नसून एका माणसाचे आडनाव आहे, हे त्या गाडीत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. हा माणूसही पोटासाठी घर सोडून निघाला होता. त्याच्याजवळ ना भांडवल होते, ना मोठे शिक्षण. होती ती फक्त हातातली कला. त्या कलेच्या बळावर त्याने अमेरिकेतील शर्यतीची मैदाने गाजविली, स्वतःच्या नावाची मोटार उभी केली आणि काही वर्षांतच ते नाव गमावले. पुढे त्या नावाच्या कोट्यवधी गाड्या जगभर धावल्या. ज्याचे ते नाव होते तो मात्र उतारवयात त्याच कंपनीच्या कारखान्यात नोकरीला लागला. लुई शेव्हर्ले यांच्या जीवनाची ही हकीगत मोटारीची आवड असणाऱ्यांनी जाणून घ्यावी अशी आहेच. पण आपल्या कसबावर नाव कमावू पाहणाऱ्या प्रत्येकालाही तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

घड्याळजीचा मुलगा

लुई शेव्हर्ले यांचा जन्म २५ डिसेंबर १८७८ रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी झाला. ज्युरा पर्वतरांगेत वसलेले हे गाव घड्याळांच्या उद्योगासाठी विख्यात आहे. चंदिगड शहराची आखणी करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांचे हेच जन्मगाव. लुई यांचे वडील जोसेफ फेलिसियन हे घड्याळजी होते. केसाएवढ्या फरकानेही यंत्र बिघडते आणि तेवढ्याच नेमक्या दुरुस्तीने ते पुन्हा चालू लागते, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत बेताची होती. लुई लहान असतानाच हे कुटुंब स्वित्झर्लंड सोडून फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी स्थलांतरित झाले. हा सारा मुलूख द्राक्षमळ्यांचा आणि मद्याच्या तळघरांचा. शाळेत फारसे न रमलेले लुई गावातील रोब्लिन यांच्या दुकानात कामाला लागले. तेथे सायकली व अन्य यंत्रांची दुरुस्ती होत असे. पिंपातील मद्य उपसण्यासाठी या पोराने एक सुटसुटीत पंप तयार केला होता, अशी आठवण बोनमध्ये सांगितली जाते.

सायकल त्या काळी युरोपात नवलाईची वस्तू होती आणि तिच्या शर्यतींना गावोगाव गर्दी लोटत असे. धिप्पाड बांध्याचे, दणकट पायांचे लुई या शर्यतींत उतरले आणि जिंकूही लागले. बक्षिसाच्या रकमेने घराला हातभार लागत होता. सायकल दुरुस्त करायची आणि तीच शर्यतीत पळवायची, या दुहेरी सवयीतून त्यांची पुढची वाट ठरली. यंत्र कुठे कमी पडते हे त्यांना ते चालविताना कळे आणि कमी पडणारा भाग ते स्वतःच्या हाताने बदलून घेत.

अटलांटिकच्या पलीकडे

एक धनाढ्य अमेरिकन प्रवासी बोनमध्ये आला असता त्याचे वाहन बंद पडले. लुई यांनी ते दुरुस्त करून दिले आणि खूश झालेल्या त्या पाहुण्याने त्यांना अमेरिकेला येण्याचा सल्ला दिला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लुई यांनी गाव सोडले हे खरे. १८९९ च्या सुमारास त्यांनी पॅरिस गाठले. मोटारगाडीचा उद्योग तेथे नुकताच बाळसे धरीत होता. अल्पकाळ काम करून १९०० मध्ये ते कॅनडातील माँट्रियल येथे गेले. तिथली भाषा फ्रेंच असल्याने नवख्या माणसाला थोडा आधार होता. वर्षभर यांत्रिकाचे काम केल्यावर ते न्यूयॉर्कला आले. प्रथम एका स्वित्झर्लंडवासी अभियंत्याच्या कारखान्यात आणि नंतर द दियाँ-बुताँ या फ्रेंच मोटार कंपनीच्या ब्रुकलिन येथील शाखेत त्यांनी नोकरी केली.

परदेशात पाय रोवू पाहणारा माणूस आधी आपल्या भाषेच्या, आपल्या मुलखाच्या माणसांचा आसरा शोधतो आणि बस्तान बसले की भावंडांना बोलावून घेतो. मुंबईत गाळा घेऊन राहणाऱ्या आपल्याकडच्या चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. लुई यांनीही तेच केले. आर्थर आणि गॅस्टन हे त्यांचे धाकटे भाऊ मागोमाग अमेरिकेत दाखल झाले. पुढे हे तिघे ‘शेव्हर्ले बंधू’ म्हणूनच ओळखले गेले.

एका मैलाला ५२.८ सेकंद

१९०५ हे वर्ष लुई यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. इटलीच्या फियाट कंपनीने त्यांना शर्यतीचा चालक म्हणून घेतले. २० मे १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या मॉरिस पार्क मैदानावर त्यांनी ९० अश्वशक्तीच्या फियाटमधून एक मैलाचे अंतर ५२.८ सेकंदांत कापले. ताशी सुमारे ११० किलोमीटरचा हा वेग आज महामार्गावरील कोणत्याही साध्या मोटारीला सहज साधतो. त्या वेळी मात्र रस्ते मातीचे होते, टायर काही मैलांत फाटत, ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत आणि चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राणही नसे. बार्नी ओल्डफिल्ड या त्या काळच्या सर्वांत नामांकित अमेरिकन चालकाला या नवख्या परदेशी माणसाने हरविले आणि वृत्तपत्रांत त्याचे नाव झळकू लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात सुझान त्रेव्हू यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळच्या शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिकही बसत असे. हाताने पंप मारून इंजिनाला तेल पुरवायचे, मागून कोण येत आहे ते पाहायचे, टायरवर नजर ठेवायची आणि वाटेत गाडी बंद पडली तर उतरून ती चालू करायची, ही त्याची कामे. धोका मात्र दोघांनाही सारखाच. १९१० च्या व्हँडरबिल्ट करंडक शर्यतीत लुई यांच्या ब्यूक गाडीला अपघात झाला आणि चार्ल्स मिलर हा त्यांचा मेकॅनिक प्राणास मुकला. स्वतः लुई यांनाही वेगवेगळ्या अपघातांनंतर अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले. त्यांच्या नावावरील विजय मोजताना ही किंमत विसरता येत नाही.

फियाटनंतर फिलाडेल्फियातील एका कंपनीसाठी त्यांनी पुढच्या चाकांना गती देणारी शर्यतीची गाडी बनविण्याच्या प्रयोगात काम केले. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना द्यायची, ही त्या काळची रूढ पद्धत होती. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी ही कल्पना काळाच्या बरीच पुढे होती. आज आपल्याकडच्या बहुसंख्य लहान मोटारी याच तत्त्वावर चालतात.

ड्युरंट यांची भेट

याच सुमारास लुई यांची गाठ विल्यम ड्युरंट यांच्याशी पडली. ड्युरंट हे मिशिगन राज्यातील फ्लिंट गावचे. घोडागाड्या बनविण्याच्या धंद्यात त्यांनी मोठा पैसा मिळविला होता. पुढे त्यांनी डबघाईला आलेली ब्यूक मोटार कंपनी हाती घेऊन सावरली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. गाडी विकायची तर तिचे नाव लोकांच्या तोंडी हवे आणि त्यासाठी शर्यतीसारखी दुसरी जाहिरात नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी ब्यूकचा शर्यतीचा संघ उभा केला.

या संदर्भात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. लुई आणि आर्थर हे दोघे भाऊ ड्युरंट यांच्याकडे आले, तेव्हा कारखान्यामागच्या मातीच्या वाटेवर ड्युरंट यांनी दोघांची शर्यत लावली. लुई बेभान गाडी हाकीत पुढे निघून गेले. आर्थर जपून चालवीत मागे राहिले. ड्युरंट यांनी हरलेल्या आर्थर यांना स्वतःचा चालक म्हणून नेमले आणि जिंकलेल्या लुई यांना शर्यतीच्या संघात घेतले. ज्याच्या मागे आपण बसायचे तो माणूस धोका पत्करणारा नसावा, एवढा व्यवहार ड्युरंट यांना कळत होता.

१९ जून १९०९ रोजी इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंट येथे कोब करंडकाची शर्यत झाली. सुमारे ३९५ मैलांचे हे अंतर कापायला आठ तासांहून अधिक वेळ लागला. शेवटच्या टप्प्यात लुई यांच्या ब्यूकचे एक सिलिंडर बंद पडले. तरीही उरलेल्या तीन सिलिंडरांवर गाडी रेटीत त्यांनी जेमतेम मिनिटभराच्या फरकाने विजय मिळविला. इंजिनाचा आवाज ऐकून त्याला किती ताणायचे आणि कुठे सोडायचे, हे ओळखणाऱ्या कारागिराचा हा विजय होता. ब्यूकच्या कारखान्यातच त्यांनी इंजिनाची रचना बारकाईने अभ्यासली. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे विद्यालय म्हणजे कारखाना आणि परीक्षा म्हणजे शर्यत.

नावाची कंपनी

एकामागून एक कंपन्या विकत घेण्याच्या नादात ड्युरंट कर्जात बुडाले आणि १९१० मध्ये सावकारी करणाऱ्या बँकांनी जनरल मोटर्सचा कारभार त्यांच्या हातून काढून घेतला. पण ते स्वस्थ बसणारे नव्हते. नव्या गाडीसाठी त्यांना लोकांना ठाऊक असलेले नाव हवे होते आणि शेव्हर्ले हे नाव शर्यतींमुळे घरोघरी पोचले होते. लुई यांना स्वतःच्या कल्पनेतली गाडी बनवायची होती आणि त्यासाठी भांडवल हवे होते. दोघांच्या गरजा जुळल्या. डेट्रॉइटच्या ग्रँड रिव्हर रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये लुई यांनी काम सुरू केले. एतियेन प्लाँश हे अभियंता त्यांच्या मदतीला होते. ३ नोव्हेंबर १९११ रोजी शेव्हर्ले मोटार कार कंपनीची रीतसर स्थापना झाली.

या कंपनीची पहिली गाडी ‘क्लासिक सिक्स’ या नावाने ओळखली जाते. सहा सिलिंडर, सुमारे ४.९ लिटर क्षमतेचे इंजिन, ४० अश्वशक्ती आणि ताशी जवळपास १०५ किलोमीटरचा वेग, असा तिचा थाट होता. पाच माणसे आरामात बसतील अशी ती ऐसपैस आणि देखणी गाडी होती. किंमत होती २,१५० डॉलर. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये ८५० डॉलरला बाजारात आली होती आणि पुढे वर्षागणिक ती स्वस्तच होत होती. म्हणजे लुई यांच्या एका गाडीच्या किमतीत फोर्डच्या दोन गाड्या येऊन वर पैसे उरत.

कंपनीच्या त्या सुप्रसिद्ध खुणेचा वापर १९१३ पासून सुरू झाला. तिच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. पॅरिसमधील एका हॉटेलच्या भिंतीवरील कागदाची नक्षी ड्युरंट यांना आवडली आणि तिचा तुकडा त्यांनी जपून ठेवला, असे एक मत. वर्तमानपत्रातील एक जाहिरात पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी त्यांच्या पत्नीची आठवण. लुई यांच्या मायदेशाच्या, स्वित्झर्लंडच्या ध्वजावरील क्रूसाचे ते बदललेले रूप असावे, असाही एक तर्क आहे.

वाटा फुटल्या

दोघांचे फार काळ पटले नाही. लुई यांना उत्तम गाडी हवी होती, ड्युरंट यांना खपणारी गाडी हवी होती. फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जुळणीचे तंत्र आले. त्यानंतर तर मोटारीचा बाजार कोणत्या दिशेने जाणार, हे ड्युरंट यांना स्पष्ट दिसू लागले. हलकी, स्वस्त, सर्वसामान्यांना परवडणारी गाडी त्यांना काढायची होती आणि तीही शेव्हर्ले याच नावाने. आपले नाव अशा गाडीला लागावे, हे लुई यांना रुचले नाही.

वादाची ठिणगी मात्र एका क्षुल्लक गोष्टीवरून पडली, असे सांगतात. लुई यांच्या ओठांत सदैव सिगारेट असे. कंपनीच्या प्रमुख माणसाला ते शोभत नाही, त्याने सिगार ओढावा, असे ड्युरंट यांनी सुचविले. आपण गाडी विकली, नावही विकले, पण स्वतःला विकलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन लुई निघून गेले, अशी ही गोष्ट आहे. तपशील कसाही असो, १९१३-१४ च्या सुमारास लुई कंपनीतून बाहेर पडले आणि आपला वाटा त्यांनी विकून टाकला. मोटारगाडीवर स्वतःचे आडनाव घालण्याचा हक्कही त्यांच्याकडे राहिला नाही.

पुढचा इतिहास ड्युरंट यांच्या हिशेबाची सत्यता पटवितो. १९१५ मध्ये त्यांनी ‘फोर नाइन्टी’ ही गाडी आणली. ४९० डॉलर ही तिची किंमत आणि तेच तिचे नाव. गाडी धडाक्यात खपली. तिच्या यशावर शेव्हर्लेचे समभाग देऊन त्यांनी जनरल मोटर्सचे समभाग गोळा केले आणि १९१६ मध्ये त्या कंपनीचा ताबा परत मिळविला. १९१८ मध्ये शेव्हर्ले जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. १९२७ मध्ये शेव्हर्लेने विक्रीत फोर्डलाही मागे टाकले. लुई यांनी ते समभाग जवळ ठेवले असते तर त्यांचे उर्वरित आयुष्य वैभवात गेले असते.

तथापि दोष एकट्या लुई यांच्या हट्टाचा म्हणता येणार नाही आणि ड्युरंट यांना केवळ खलनायक ठरविणेही न्याय्य नाही. स्वस्त गाडीमुळेच मोटार सामान्य माणसाच्या दारात आली. ती उंची राहिली असती तर श्रीमंतांचे खेळणेच राहिली असती. पण ज्या नावामुळे ग्राहक त्या गाडीकडे वळला, ते नाव शर्यतीच्या मैदानात जीव धोक्यात घालून कमावलेले होते. त्या कमाईचा मोबदला कागदावर किती आणि कसा बांधून घ्यायचा, हे त्या कारागिराला उमगले नाही.

फ्राँटेनॅक आणि गॅस्टन

आडनाव गेले, हात मात्र शाबूत होते. १९१४ मध्ये लुई यांनी फ्राँटेनॅक या नावाने नवी कंपनी काढली. कॅनडातील जुन्या फ्रेंच वसाहतीच्या एका गव्हर्नरचे हे नाव. गॅस्टन आणि आर्थर हे दोघे भाऊ बरोबर होते. शर्यतीची गाडी जड ठेवून इंजिन मोठे करण्यापेक्षा गाडीच हलकी करावी, हा त्यांचा विचार होता. म्हणून फ्राँटेनॅकच्या रचनेत त्यांनी ॲल्युमिनियमचा सढळ वापर केला. त्या काळी हे धाडसच होते.

इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९११ पासून दरवर्षी होऊ लागली होती. अडीच मैलांच्या विटांच्या धावपट्टीवर २०० फेऱ्या मारायच्या, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर अंतर एका दमात कापायचे. लुई यांनी चालक म्हणून या शर्यतीत चार वेळा भाग घेतला. १९१९ मधील सातवा क्रमांक ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. चालक म्हणून हे मैदान त्यांना वश झाले नाही, रचनाकार म्हणून मात्र झाले.

१९२० मध्ये इंजिनाची मर्यादा तीन लिटरवर आणली गेली. इंडियानापोलिसच्या मन्रो कंपनीच्या मालकाने लुई यांना गाड्या बनवायला सांगितले. लुई यांनी सात गाड्या तयार केल्या. चार मन्रोच्या नावाने आणि तीन फ्राँटेनॅकच्या. ३१ मे १९२० रोजी शर्यत सुरू झाली. स्टिअरिंगचे सुटे भाग सदोष निघाल्याने या सातांपैकी गाड्या एकेक करून बाद होत गेल्या. गॅस्टन यांची मन्रो मात्र टिकली. आघाडीवर असलेल्या राल्फ डी पाल्मा यांची गाडी अखेरच्या टप्प्यात बिघडली आणि गॅस्टन पुढे निघाले. ताशी ८८.६२ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर या सरासरी वेगाने त्यांनी शर्यत जिंकली. विशेष म्हणजे संपूर्ण अंतरात त्यांना एकदाही टायर बदलावा लागला नाही. गाडी हलकी असेल तर टायर टिकतात, या लुई यांच्या विचाराचा याहून मोठा पुरावा कोणता?

हा आनंद सहा महिनेही टिकला नाही. २५ नोव्हेंबर १९२० रोजी लॉस एंजलिसजवळील बेव्हर्ली हिल्स येथे लाकडी फळ्यांच्या उतरत्या धावपट्टीवर शर्यत सुरू असताना गॅस्टन यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. या अपघातात गॅस्टन यांच्यासह दुसऱ्या गाडीचा चालक आणि त्याचा मेकॅनिकही मरण पावले. गॅस्टन अवघे २८ वर्षांचे होते. वर्षभरातील गुणांवर त्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांना मरणोत्तर मिळाले. ज्या धाकट्या भावाला बोट धरून या खेळात आणले, तोच या खेळाने हिरावून घेतला. लुई यांनी शर्यतीत गाडी चालविणे थांबविले.

गाड्या बनविणे मात्र त्यांनी थांबविले नाही. १९२१ मध्ये टॉमी मिल्टन यांनी आठ सिलिंडरच्या फ्राँटेनॅकमधून इंडियानापोलिसची शर्यत जिंकली. लुई यांच्या हातच्या गाड्यांनी सलग दोन वर्षे हे मैदान मारले.

याच काळात शेव्हर्ले बंधूंनी आणखी एक उपयुक्त वस्तू बाजारात आणली. फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनात झडपा बाजूला बसविलेल्या असत. त्यामुळे इंधनमिश्रित हवा आत-बाहेर जाताना अडखळे. झडपा वरच्या बाजूला असलेले नवे झाकण, म्हणजे ‘सिलिंडर हेड’, या बंधूंनी तयार केले. ते बसविले की साध्या फोर्डची ताकद लक्षणीय वाढत असे. ‘फ्राँटी-फोर्ड’ या नावाने या गाड्या गावोगावच्या मैदानांवर धावू लागल्या. १९२३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत अशाच एका फ्राँटी-फोर्डने पाचवा क्रमांक मिळविला. ज्या फोर्डच्या स्वस्त गाडीने लुई यांच्या उंची गाडीचा बाजार हिरावला होता, तिच्याच इंजिनात सुधारणा करून त्यांनी आपला चरितार्थ चालविला.

उतरती कळा

फ्राँटेनॅक या नावाने प्रवासी मोटार काढण्याचा बेत व्यापारातील मंदीत विरला. पुढे लुई विमानाच्या इंजिनाकडे वळले. १९२९ मध्ये आर्थर यांच्यासह त्यांनी विमान इंजिनांची कंपनी काढली, पण दोघा भावांत बेबनाव झाला. इंजिनाचे काम ग्लेन मार्टिन यांच्या विमान कंपनीकडे गेले. त्याच वर्षी अमेरिकेत महामंदीची लाट आली आणि लुई यांची उरलीसुरली पुंजी आटली.

१९२६ च्या इंडियानापोलिस शर्यतीत आरंभीची वाट दाखविणारी गाडी चालविण्याचा मान लुई यांना मिळाला होता. ती गाडी होती क्रायस्लर कंपनीची. त्यांच्या नावाच्या गाड्या तेव्हा लाखांनी विकल्या जात होत्या, पण त्या गाड्यांशी त्यांचा कसलाही संबंध उरला नव्हता. १९३४ मध्ये त्यांच्या मोठ्या मुलाचे, चार्ल्सचे निधन झाले. त्याच सुमारास वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लुई डेट्रॉइटला परतले आणि जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले विभागात नोकरीला लागले. कारखान्याच्या दारावर ज्याचे आडनाव, तो आता तेथे पगारी माणूस होता.

मेंदूतील रक्तस्रावाने प्रकृती ढासळल्यावर त्यांना काम सोडावे लागले. हवापालटासाठी काही काळ ते फ्लोरिडात राहिले. ६ जून १९४१ रोजी डेट्रॉइट येथे त्यांचे निधन झाले. ज्या मैदानाने त्यांना कीर्ती दिली, त्या इंडियानापोलिस शहरातील दफनभूमीत गॅस्टन यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पुढे तेथील शर्यतीच्या मैदानाच्या आवारात त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

नाव विकत घेणाऱ्या ड्युरंट यांची अखेरही काही वेगळी नव्हती. १९२० मध्ये जनरल मोटर्सची सूत्रे पुन्हा त्यांच्या हातून गेली, मंदीत ते धुऊन निघाले आणि १९३६ मध्ये दिवाळखोर ठरले. फ्लिंटमध्ये बोलिंगच्या खेळाची जागा चालवून त्यांनी काही दिवस काढले. १९४७ मध्ये ते वारले. नाव देणारा गेला, नाव घेणाराही गेला. कंपनी तेवढी राहिली.

मुंबईतील शेव्हर्ले

या नावाचा महाराष्ट्राशी आलेला संबंध टवेराच्या फार आधीचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडी भागात मोटारींची जुळणी करणारा कारखाना उभारला. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या आणून येथे गाड्या, ट्रक आणि बसचे सांगाडे तयार होत. त्याच वर्षी ४ डिसेंबरला येथून पहिली शेव्हर्ले बाहेर पडली. लुई तेव्हा हयात होते. स्वातंत्र्यानंतर केवळ जुळणी न करता देशातच सुटे भाग बनवावेत, असा आग्रह सरकारने धरला. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने हा कारखाना बंद केला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, त्यानंतरच्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, मॉरिस, स्टुडबेकर अशा नाना बनावटींच्या गाड्या होत्या आणि त्यांत शेव्हर्लेही होती.

दीर्घ खंडानंतर २००३ मध्ये शेव्हर्ले हे नाव भारतात परत आले. २००८ मध्ये तळेगाव येथे जनरल मोटर्सचा मोठा कारखाना सुरू झाला. स्पार्क, बीट या लहान गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या. परंतु २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद पडले. अनेक कामगार कुटुंबांना त्याची झळ बसली. २०२३ मध्ये ह्युंदाई कंपनीने हा कारखाना घेण्याचा करार केला.

कसब आणि कागद

लुई शेव्हर्ले यांची गोष्ट वाचताना आपल्याच भागातील एका समकालीन उद्योजकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीही सुरुवात सायकलींपासूनच केली. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. औंध संस्थानाचाच आटपाडी भाग म्हसवडच्या शिवेला लागून होता. लक्ष्मणरावांनी उत्पादनावर स्वतःचे नाव घातले आणि कारखानाही स्वतःच्या हाती ठेवला. त्यांना आश्रय देणारा मिळाला. लुई यांना मिळाला तो नाव विकत घेणारा.

माणदेश, खानापूर, आटपाडीचा गलाई कारागीर असो वा रस्त्याकडेच्या गॅरेजमधील मिस्त्री असो, त्यांचे भांडवल एकच : हातातले कसब आणि त्यावर लोकांनी ठेवलेला विश्वास. त्या विश्वासालाच आपण ‘नाव’ म्हणतो. नाव कमवायला उमर जाते; ते लिहून द्यायला एक सही पुरते. लुई शेव्हर्ले यांनी तिशीतच ती सही केली आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे स्वतःचे आडनाव रस्त्यावरून जाताना पाहिले. तरीही त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही, हे त्यांचे मोठेपण.

जीवनपट

१८७८ : ला शो-द-फाँ, स्वित्झर्लंड येथे जन्म
१९०० : कॅनडात स्थलांतर, पाठोपाठ न्यूयॉर्क
१९०५ : फियाटचे चालक; मॉरिस पार्क येथे विक्रमी वेग
१९०९ : ब्यूक गाडीतून कोब करंडक
१९११ : शेव्हर्ले मोटार कार कंपनीची स्थापना
१९१४ : फ्राँटेनॅक कंपनीची सुरुवात
१९२० : गॅस्टन यांचा इंडियानापोलिस येथे विजय, त्याच वर्षी अपघाती मृत्यू
१९२१ : इंडियानापोलिस येथे फ्राँटेनॅक विजयी
१९२९ : विमान इंजिनांची कंपनी
१९३४ : शेव्हर्लेच्या कारखान्यात नोकरी
१९४१ : डेट्रॉइट येथे निधन